पिसू, मांजर आणि औषध : पाळीव प्राण्यांवरील पिसू-निवारणाचा ऐतिहासिक विचार

१. विषयप्रवेश

पिसवेसारख्या क्षुद्र कीटकाकडे इतिहासाच्या अभ्यासकांचे लक्ष गेले ते मुख्यतः प्लेगच्या निमित्ताने. १८९६ च्या सप्टेंबर महिन्यात मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस यांनी ज्या रोगाचे निदान केले आणि जो पुढे 'ग्रंथिक सन्निपात' ह्या नावाने मराठी वाचकांना परिचित झाला, त्याच्या प्रसारात उंदरावरील पिसवेचा हात असतो, हे सिद्ध होण्यास पुढील दहा वर्षे खर्ची पडली. ह्या शोधाचा इतिहास पुष्कळ वेळा लिहिला गेला आहे. परंतु त्याच कीटकवर्गाचा दुसरा एक इतिहास आहे. तो अधिक जुना असून घरगुती आहे, आणि कदाचित घरगुती असल्यामुळेच तो उपेक्षित राहिला आहे. घरातील मांजर, कुत्रा, ससा ह्यांच्या अंगावरील पिसवांचा नाश मनुष्याने कोणत्या साधनांनी केला, आणि त्या साधनांनी त्या प्राण्यांचे काय झाले, हा तो इतिहास होय.

ह्या विषयाकडे पाहण्याची सर्वसाधारण पद्धत अशी आहे की, जुने उपाय निष्प्रभ होते, नवे प्रभावी झाले, आणि ज्ञानाच्या वाढीबरोबर निवारण सुकर होत गेले. प्रस्तुत लेखकास ही मांडणी अपुरी वाटते. पिसू मारण्याची साधने मनुष्याजवळ दोन हजार वर्षांपासून आहेत, आणि त्यांतील कित्येक पुरेशी परिणामकारक होती. उणीव होती ती निराळीच. ज्या प्राण्याच्या अंगावर हे विष चोळावयाचे, त्याचे शरीर त्या विषाचे काय करते, हा प्रश्न फार उशिरा विचारला गेला. मांजराच्या बाबतीत तर तो विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत कोणी विचारलाच नाही, असे म्हणावयास हरकत नाही. 'सुरक्षित औषध' ही कल्पना पिसवेच्या अभ्यासातून जेवढी निघाली, त्याहून अधिक ती मांजराच्या अभ्यासातून निघाली, हे दाखविणे हा ह्या लेखाचा हेतू आहे.

२. प्राचीन उपाय आणि मांजराची अनुपस्थिती

इसवी सनाच्या पहिल्या शतकातील रोमन कृषिलेखक कोलुमेला ह्याने आपल्या शेतीविषयक ग्रंथाच्या सातव्या भागात कुत्र्यांच्या निगेचा विचार केला आहे. कुत्र्याच्या अंगावरील पिसवांसाठी त्याने सांगितलेल्या उपायांत कुटलेले जिरे आणि तितक्याच वजनाची हेलेबोर ही वनस्पती पाण्यात कालवून लावावी, असा एक उपाय आहे. हेलेबोर ही तीव्र विषारी वनस्पती आहे. तिने पिसवा मरत असतील ह्यात शंका नाही. पण अंग चाटणाऱ्या प्राण्याच्या पोटात ती गेल्यास काय होईल, ह्याचा उल्लेख तेथे नाही.

ह्या ग्रंथात कुत्रा आहे, बैल आहे, मेंढी आहे. मांजरावरील उपचार मात्र नाही. ही अनुपस्थिती केवळ एका ग्रंथापुरती नाही. पुढील काळातील पशुचिकित्सेची साधने चाळली असता असे दिसते की, ज्या जनावराला बाजारात किंमत आहे किंवा ज्याच्यावाचून सैन्य अडते, त्याच्याच आजारांची नोंद झाली. १७६२ साली फ्रान्समध्ये लिआँ येथे पहिले पशुवैद्यक विद्यालय निघाले आणि १७९१ मध्ये लंडन येथे तसेच विद्यालय स्थापन झाले. दोन्ही ठिकाणी घोडा हा अभ्यासाचा प्रमुख विषय होता. १८८६ साली परळ येथे सुरू झालेल्या मुंबईच्या पशुवैद्यक महाविद्यालयासमोरही प्रथम घोडे आणि गुरेढोरे हाच प्रश्न होता. मांजर धान्याचे रक्षण करी, परंतु ते विकत घ्यावे लागत नसे आणि मेले तर दुसरे सहज मिळे. ज्या प्राण्याला मोल नाही, त्याच्यासाठी औषधाची मात्रा ठरविण्याची तसदी कोणी घेतली नाही. मांजरासाठी म्हणून जे काही वापरले गेले, ते कुत्र्यासाठी किंवा माणसासाठी ठरलेले औषध होते. फक्त ते थोड्या प्रमाणात दिले जाई.

युरोपात पुदिन्याच्या कुळातील एक वनस्पती पिसवा पळविण्यासाठी शतकानुशतके वापरली जात होती. लिनियसने तिला दिलेल्या शास्त्रीय नावातच पिसवेचा लॅटिन शब्द गोवलेला आहे. हिचे पेनिरॉयल नावाचे तेल 'नैसर्गिक' म्हणून अगदी अलीकडेपर्यंत विकले जात असे. १९९२ साली अमेरिकेतील एका पशुवैद्यक नियतकालिकात, पिसवांसाठी हे तेल अंगाला लावलेल्या कुत्र्याच्या मृत्यूचा वृत्तान्त प्रसिद्ध झाला. त्याचे यकृत निकामी झाले होते. परंपरेची दीर्घता हा सुरक्षिततेचा पुरावा होऊ शकत नाही, हे ध्यानात घेणे अगत्याचे आहे. जुन्या काळी अशा उपायांनी दगावलेल्या प्राण्यांची नोंद कोणी ठेवली नाही, म्हणून ते दगावलेच नाहीत असे मानता येणार नाही.

३. सूक्ष्मदर्शकाखालील पिसू

सतराव्या शतकात सूक्ष्मदर्शक यंत्र हाती आल्यावर पिसवेचे रूप प्रथमच स्पष्ट दिसले. रॉबर्ट हूकच्या १६६५ मधील 'मायक्रोग्राफिया' ग्रंथात पिसवेचे जे मोठे चित्र आहे, ते विज्ञानेतिहासात प्रसिद्धच आहे. त्याहून महत्त्वाचे कार्य डेल्फ्ट येथील लेव्हनहुकने केले. पिसवा धुळीतून वा घाणीतून आपोआप उत्पन्न होतात ही समजूत त्या काळी सर्वमान्य होती. पिसू अंडी घालते, अंड्यातून अळी निघते, अळी कोश विणते आणि कोशातून पिसू बाहेर येते, हा क्रम लेव्हनहुकने प्रत्यक्ष निरीक्षणाने दाखविला.

ह्या शोधाचा व्यावहारिक अर्थ मोठा होता. मांजराच्या अंगावर दिसणारी पिसू ही एकंदर संख्येचा लहानसा अंश असते. अंडी मांजराच्या केसांत घातली जातात, पण ती चिकटून न राहता मांजर जेथे निजते तेथे गळून पडतात. अळ्या अंथरुणाच्या घड्यांत, फटींत, सतरंजीखाली वाढतात आणि पिसवांच्या विष्ठेतून गळणाऱ्या सुकलेल्या रक्तावर जगतात. कोशातील पिसू अनुकूल वेळेची वाट पाहत कित्येक आठवडे, प्रसंगी महिनेही, आत थांबू शकते. म्हणजे रोगाचे मूळ प्राण्याच्या अंगावर जेवढे आहे, त्याहून अधिक ते घराच्या जमिनीत आहे.

परंतु ज्ञान उपलब्ध असणे आणि ते उपचारात उतरणे ह्या दोन गोष्टींत येथे जवळजवळ तीनशे वर्षांचे अंतर पडले. १८२६ मध्ये कर्टिस ह्याने कुत्र्यावरील पिसवेचे आणि १८३५ मध्ये बूशे ह्याने मांजरावरील पिसवेचे शास्त्रीय वर्णन करून त्या दोन स्वतंत्र जाती असल्याचे नोंदविले. जगाच्या बहुतेक भागांत कुत्र्यांवरही मुख्यत्वे मांजराचीच पिसू आढळते, हे पुढे लक्षात आले. तरीही उपचार करणारा मनुष्य प्राण्याच्या अंगाकडेच पाहत राहिला. अंगावर पुन्हा पिसवा दिसल्या की औषध पुरले नाही असा निष्कर्ष तो काढी आणि तेच औषध अधिक वेळा व अधिक जोराने लावी. विषबाधेच्या कित्येक प्रकारांचे मूळ ह्या एका तर्कदोषात आहे.

४. प्लेगचे पर्व : मांजर शिपाई म्हणून

पिसू हा गंभीर वैज्ञानिक संशोधनाचा विषय झाला तो प्लेगमुळे. पॉल-लुई सिमों ह्या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८९८ च्या जूनमध्ये कराची येथे केलेला प्रयोग सर्वश्रुत आहे. प्लेगने आजारी असलेला उंदीर त्याने काचेच्या मोठ्या बरणीत ठेवला आणि त्याच बरणीत एका पिंजऱ्यात निरोगी उंदीर अशा रीतीने ठेवला की, दोघांचा स्पर्श होऊ नये, फक्त पिसवाच एकीकडून दुसरीकडे जाऊ शकाव्यात. आजारी उंदीर मेला आणि काही दिवसांनी निरोगी उंदीरही प्लेगने मेला. ह्या प्रयोगातील एक बारकावा सहसा सांगितला जात नाही. पिसवांची संख्या पुरेशी असावी म्हणून सिमोंने आपल्या हॉटेलच्या आसपास वावरणाऱ्या एका मांजराच्या अंगावरील पिसवा काढून त्या उंदरावर सोडल्या होत्या. प्लेगच्या संशोधनात मांजराचा प्रवेश झाला तो असा, पिसवांचा पुरवठादार म्हणून.

सिमोंच्या निष्कर्षावर प्रथम फारसा कोणी विश्वास ठेवला नाही. मुंबईत ग्लेन लिस्टन यांनी प्लेगग्रस्त चाळींत गिनीपिग सोडून त्यांच्या अंगावर गोळा होणाऱ्या पिसवांचा अभ्यास केला. १९०५ पासून काम करणाऱ्या प्लेग संशोधन आयोगाने परळच्या प्रयोगशाळेत, म्हणजे जिला १९२५ मध्ये हाफकिन इन्स्टिट्यूट हे नाव मिळाले त्या संस्थेत, शेकडो प्रयोग करून पिसवेचे कार्य निर्विवाद ठरविले. उंदरावरील ह्या मुख्य पिसवेचे शास्त्रीय वर्णन चार्ल्स रॉथशील्ड यांनी १९०३ मध्ये केले होते. पिसवांच्या जाती ओळखणे हा छंदिष्टांचा उद्योग न राहता तो सार्वजनिक आरोग्याचा विषय झाला.

ह्याच संदर्भात अमरावती येथील इंडियन मेडिकल सर्व्हिसमधील अधिकारी अँड्र्यू ब्यूकॅनन यांच्या विचारांचा उल्लेख करणे आवश्यक आहे. ज्या गावांत घरोघरी मांजरे आहेत, ती गावे प्लेगपासून बव्हंशी मुक्त राहतात, असे त्यांचे प्रतिपादन होते. १९०८ साली त्यांनी 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये मांजर हे प्लेगचे प्रतिबंधक आहे ह्या विषयावर लेख लिहिला आणि मांजरे पाळण्यास उत्तेजन द्यावे असा आग्रह धरला. घरे मोकळी करणे, छपरे उघडणे, सामानसुमान जाळणे अशा सक्तीच्या उपायांनी लोक त्रस्त झाले होते. १८९७ च्या पुण्यातील कठोर उपायांची परिणती रँडच्या खुनात झाली, ही घटना ताजी होती. त्या पार्श्वभूमीवर एक सौम्य आणि लोकांच्या सवयीतला उपाय म्हणून ब्यूकॅनन यांची सूचना लक्षणीय आहे.

तथापि तिचा दुसरा बाजूने विचार करावा लागतो. उंदीर मारणाऱ्या मांजराच्या अंगावर उंदराच्या पिसवा येऊ शकतात, आणि मांजरालाही प्लेग होतो. अमेरिकेच्या पश्चिम भागात १९७७ ते १९९८ ह्या काळात मांजरांच्या द्वारे माणसांना प्लेग झाल्याची २३ उदाहरणे नोंदली गेली. ब्यूकॅनन यांच्या योजनेत मांजर हा शिपाई होता. शिपायाच्या अंगावरील पिसवांचा बंदोबस्त कसा करावयाचा, हा प्रश्न त्या योजनेत प्रमुख नव्हता. पिसवेचे ज्ञान शिगेला पोचले, तेव्हाही मांजर हे साधनच राहिले. रुग्ण झाले नाही.

५. कार्बोलिक आणि कीटकचूर्ण

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात दगडी कोळशाच्या डांबरापासून मिळणारे कार्बोलिक आम्ल जंतुनाशक म्हणून प्रसिद्धीस आले. १८६७ मध्ये लिस्टरने शस्त्रक्रियेतील त्याच्या उपयोगाविषयी लिहिल्यानंतर कार्बोलिक साबण घराघरांत पोचला, आणि कुत्र्यांना आंघोळ घालण्यासाठीही तो वापरला जाऊ लागला. प्लेगच्या काळात घरे धुण्यासाठी ही द्रव्ये आपल्याकडे सर्रास वापरली गेली. आपल्या घरांत आजही फरशी पुसण्यासाठी जे फिनेल वापरतात, ते त्याच परंपरेतील होय. उग्र वास म्हणजे स्वच्छता, हे समीकरण त्या पिढीच्या मनावर ठसले.

कुत्र्याला जे द्रव्य सौम्य प्रमाणात सोसते, ते मांजराला घातक ठरते. त्याचे रासायनिक कारण तेव्हा कोणास ठाऊक नव्हते. फिनेलने पुसलेल्या ओल्या फरशीवरून मांजर चालते, नंतर पंजे चाटते, आणि विष पोटात जाते. डांबरगोळ्यांच्या बाबतीतही हीच सावधगिरी आवश्यक आहे. मांजर आपल्या अंगाची निगा जिभेने राखते. म्हणून त्याच्या कातडीवर लावलेले कोणतेही औषध हे अर्धे तरी पोटात घेण्याचे औषध समजले पाहिजे. ही साधी गोष्ट औषधे तयार करणाऱ्यांच्या हिशेबात येण्यास फार काळ लागला.

ह्याच शतकात कॉकेशस आणि इराणकडून, तसेच पुढे डाल्मेशियातून, शेवंतीच्या जातीतील फुलांचे चूर्ण युरोपच्या बाजारात आले. पायरेथ्रम ह्या नावाने ओळखले जाणारे हे चूर्ण कीटकांना तत्काळ निश्चेष्ट करी, सस्तन प्राण्यांना मात्र तुलनेने फारसे बाधत नसे, आणि सूर्यप्रकाशात लवकर विघटन पावे. योग्य प्रमाणात वापरल्यास पिसवांवर हे त्या काळचे सर्वांत निर्धोक औषध होते. त्यातील क्रियाशील द्रव्यांची रचना स्टाउडिंगर आणि रुझिच्का यांनी १९२४ मध्ये प्रसिद्ध केली. व्यापाराच्या दृष्टीने मात्र त्याचा गुण हाच त्याचा दोष ठरला: ते लवकर नाहीसे होई, म्हणून पुनःपुन्हा वापरावे लागे. टिकाऊ विषाचा शोध ह्या गरजेतून सुरू झाला.

६. टिकाऊ विषांचा काळ

पॉल म्यूलर यांनी १९३९ मध्ये डीडीटीचे कीटकनाशक गुण ओळखले आणि १९४८ मध्ये त्यांना त्याबद्दल नोबेल पारितोषिक मिळाले. १९४३-४४ च्या हिवाळ्यात नेपल्स शहरात टायफसची साथ आटोक्यात आणण्यासाठी दहा लाखांहून अधिक लोकांच्या अंगावर ही पूड फवारण्यात आली. तिने माणसांना तत्काळ अपाय झाला नाही, उलट उवा मेल्या. ह्या यशाचा प्रभाव एवढा होता की, जी पूड माणसाला चालते ती त्याच्या मांजराला का चालू नये, असा प्रश्न कोणाच्या मनात येण्याचे कारणच उरले नाही. भारतात १९५३ पासून हिवताप नियंत्रणाच्या राष्ट्रीय कार्यक्रमात घराच्या भिंतींवर डीडीटीची फवारणी होऊ लागली.

परंतु मांजरे मरू लागली. आग्नेय आशियात डीडीटी आणि डिल्ड्रिन यांची फवारणी झालेल्या खेड्यांतून मांजरे दगावल्याचे वृत्तान्त येऊ लागले. सारावाकच्या डोंगराळ प्रदेशातील बारियो येथे मार्च १९६० मध्ये ब्रिटिश हवाई दलाने छत्रीच्या साहाय्याने काही मांजरे उतरविल्याची नोंद आहे. ही घटना पुढे इतकी लोकप्रिय झाली की, सांगणाऱ्यागणिक मांजरांचा आकडा वाढत जाऊन हजारांपर्यंत पोचला, आणि पाली, सुरवंट, छपरे ह्यांची एक संपूर्ण कार्यकारणमालिका तिला जोडली गेली. इतिहासाच्या विद्यार्थ्याने ह्या कथेतील मूळ नोंद आणि पुढील पुटे वेगळी केली पाहिजेत. पुटे काढून टाकल्यावरही एक गोष्ट शिल्लक राहते: मांजर हे विषाच्या बाबतीत इतर प्राण्यांसारखे नाही, ही शंका प्रयोगशाळेच्या बाहेर, घरांमधून प्रथम उद्भवली.

रेचेल कार्सन यांच्या १९६२ मधील ग्रंथाने टिकाऊ विषांविषयी सार्वत्रिक चिंता निर्माण केली आणि १९७२ मध्ये अमेरिकेने डीडीटीच्या बहुतेक वापरांवर बंदी घातली. त्याची जागा सेंद्रिय फॉस्फरसयुक्त द्रव्यांनी घेतली. पाळीव प्राण्यांच्या गळ्यातील औषधी पट्टे, अंग बुडविण्याची द्रावणे, पुडी, फवारे ह्या सर्व रूपांत ती विकली गेली. ह्यांपैकी क्लोरपायरिफॉस हे मांजरांना विशेष घातक असल्याचे दिसून आले. २००० साली अमेरिकेत त्याचा घरगुती वापर बव्हंशी बंद करण्याचा निर्णय झाला. तो निर्णय मुलांच्या आरोग्यासाठी घेण्यात आला, मांजरांसाठी नव्हे, हेही येथे नमूद केले पाहिजे.

७. १९५८ : 'मांजर' हा प्रश्न

ह्या इतिहासातील निर्णायक क्षण पिसवांच्या क्षेत्रातला नाही. १९५८ मध्ये डी. रॉबिन्सन आणि आर. टी. विल्यम्स ह्या ब्रिटिश जीवरसायनशास्त्रज्ञांनी एक छोटे टिपण प्रसिद्ध केले. मांजराच्या शरीरात ग्लुकुरोनाइडे तयार होतात काय, असा प्रश्न त्याच्या शीर्षकातच विचारला होता. शरीर परक्या द्रव्याचा निकाल कसा लावते, हा विल्यम्स यांच्या आयुष्यभराच्या अभ्यासाचा विषय होता. बहुतेक सस्तन प्राण्यांचे यकृत फिनॉलसारख्या द्रव्याला ग्लुकुरोनिक आम्लाची जोड देते. जोड मिळालेले द्रव्य पाण्यात विरघळून मूत्रावाटे निघून जाते. मांजरात ही जोडणी अनेक द्रव्यांच्या बाबतीत फारच दुबळी आहे. विष शरीरात रेंगाळते आणि साचत जाते.

ह्या एका वस्तुस्थितीने पूर्वीच्या कितीतरी विखुरलेल्या अनुभवांचा उलगडा झाला. कार्बोलिक मांजराला का बाधते, माणसाची साधी तापाची गोळी पॅरासिटामॉल त्याचा जीव का घेते, ह्याचे उत्तर एकच होते. पुढे २००० साली कोर्ट आणि ग्रीनब्लॅट यांनी ह्याचे आनुवंशिक कारण दाखविले: ह्या कार्यातील एक महत्त्वाचे जनुक मांजराच्या वंशात निकामी झालेले आहे. केवळ मांसावर जगणाऱ्या ह्या कुळाला वनस्पतींतील विषारी द्रव्यांशी झुंजण्याची गरज फारशी पडली नाही, म्हणून ते जनुक लोपले असावे, असे अनुमान केले जाते.

ज्या वर्षी हे टिपण प्रसिद्ध झाले, त्याच वर्षी ब्रिटनमध्ये केवळ मांजरांच्या आरोग्याचा विचार करणारी 'फेलाइन अ‍ॅडव्हायझरी ब्यूरो' ही संस्था स्थापन झाली. ह्या दोन घटनांत कार्यकारणसंबंध नाही. पण मांजर म्हणजे लहान आकाराचा कुत्रा नव्हे, हा विचार त्या सुमारास निरनिराळ्या वाटांनी आकार घेत होता, असे म्हणता येईल.

८. जुन्या चुकीची नवी आवृत्ती

हा विचार रुजला असता, तर पुढील प्रकरण घडले नसते. १९७३ मध्ये रॉथमस्टेड येथे मायकेल एलियट यांनी पायरेथ्रमच्या धर्तीवर परमेथ्रिन हे कृत्रिम द्रव्य तयार केले. ते सूर्यप्रकाशात टिके. फुलांच्या चुर्णाची निर्धोकता आणि कृत्रिम द्रव्याचा टिकाऊपणा ह्यांचा संगम साधला, असे सर्वांस वाटले. कुत्र्यांच्या मानेवर थेंब टाकण्याच्या औषधांत त्याचे प्रमाण शेकडा ४५ ते ६५ इतके असे. कुत्र्याला ते मानवते. मांजराला तेच थेंब लावले असता काही तासांत अंगाला थरथर सुटते, आचके येतात आणि वेळेवर उपचार न झाल्यास मृत्यू ओढवतो. यकृताची तीच दुर्बलता येथे कारणीभूत असल्याचे मानले जाते.

बहुतेक प्रकरणांत अपाय करणारा हात प्रेमळ मालकाचाच असतो. घरात कुत्रा आहे, त्याचे औषध शिल्लक आहे, मांजर लहान आहे म्हणून अर्धी मात्रा दिली, एवढाच त्याचा दोष. कधी औषध लावलेल्या कुत्र्याच्या कुशीत निजल्यानेही मांजराला बाधा होते. तक्रारी वाढल्यामुळे २००९ मध्ये अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण यंत्रणेने अशा थेंबांची विशेष छाननी आरंभिली आणि त्यानंतर वेष्टनांवरील इशारे अधिक स्पष्ट करण्याचे धोरण स्वीकारले. १९५८ चे ज्ञान औषधाच्या वेष्टनावर ठळकपणे उमटण्यास अर्धशतक लागले.

९. जीवनचक्राकडे परत

सुरक्षिततेचा खरा मार्ग दोन दिशांनी मोकळा झाला. पहिली दिशा अशी की, सस्तन प्राण्याच्या शरीरात जे नाहीच, त्यावर आघात करावयाचा. विगल्सवर्थ यांनी १९३० च्या दशकात कीटकांच्या वाढीवर नियंत्रण ठेवणाऱ्या संप्रेरकाचा शोध लावला होता. त्याच्यासारखी कृत्रिम द्रव्ये वापरून अळीचे पिसवेत रूपांतर होऊ न देणे पुढे शक्य झाले. १९९० च्या दशकात आलेले लुफेन्यूरॉन कीटकाच्या कवचातील कायटिन तयार होऊ देत नाही. मांजराच्या अंगात कायटिन नाही, म्हणून मांजराला त्याची झळ लागत नाही. त्याच दशकाच्या मध्यास इमिडाक्लोप्रिड आणि फिप्रोनिल ही द्रव्ये थेंबांच्या रूपाने आली. कीटकाच्या मज्जातंतूंवर ती जेवढी काम करतात, तेवढी सस्तन प्राण्याच्या मज्जातंतूंवर करत नाहीत. मांजरासाठी म्हणून स्वतंत्र मात्रा प्रथमच काटेकोरपणे ठरविल्या गेल्या.

परंतु ह्याही ठिकाणी 'सर्व प्राण्यांना सुरक्षित' असे काही नाही. मांजराला चालणारे फिप्रोनिल सशाला घातक आहे. अलीकडील आयसोक्साझोलीन वर्गातील औषधे बहुसंख्य प्राण्यांना मानवतात, तरी काहींना आचके येऊ शकतात, असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१८ मध्ये दिला. सुरक्षितता हा औषधाचा अंगभूत गुण नसून, ते औषध आणि ते घेणारा विशिष्ट प्राणी ह्यांमधील संबंध होय.

दुसरी दिशा म्हणजे लेव्हनहुकच्या निरीक्षणाकडे परत जाणे. १९८० च्या दशकापासून झालेल्या, विशेषतः रस्ट आणि ड्रायडन यांच्या १९९७ मधील समालोचनात एकत्र आलेल्या, अभ्यासाने असे दाखविले की, प्रौढ पिसू यजमान प्राण्याला सहसा सोडत नाही, मादी रक्त प्यायल्यापासून एकदोन दिवसांत अंडी घालू लागते आणि दिवसाला ४० ते ५० पर्यंत अंडी घालू शकते. तेव्हा अंथरूण, गोधडी, पोते, बसण्याची जागा ही गरम पाण्याने धुऊन उन्हात वाळविणे, फटी झाडून काढणे, आणि घरातील सर्व प्राण्यांवर एकाच वेळी, ज्याच्या त्याच्या योग्य औषधाने उपचार करणे, हाच शास्त्रशुद्ध मार्ग ठरतो. कोशातील पिसवा नंतर काही आठवडे निघत राहतात. त्या दिसल्या म्हणून मात्रा वाढविणे ही जुनीच चूक होय.

१०. उपसंहार

वरील विवेचनावरून काही निष्कर्ष निघतात. औषध निवडताना प्राण्याची जात, वय आणि वजन ही प्रथम पाहावयाची, पिसवांची संख्या नंतर. कुत्र्याचे औषध विभागून मांजराला देऊ नये. परमेथ्रिनयुक्त द्रव्य मांजराजवळ नेऊ नये; चुकून लागले असता कोमट पाण्याने व सौम्य साबणाने धुऊन तत्काळ पशुवैद्याकडे जावे. लसूण, चहाच्या झाडाचे तेल, लिंबूवर्गीय फळांची तेले ही केवळ वनस्पतिजन्य म्हणून निर्धोक समजू नयेत. लसूण-कांद्याने मांजराच्या रक्तपेशी फुटतात, आणि चहाच्या झाडाच्या तेलाने मांजरांना झालेल्या विषबाधेची नोंद १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेली आहे. अगदी लहान पिलांसाठी बारीक दातांची फणी आणि साबणाच्या पाण्याची वाटी हे साधन अजूनही सर्वांत विश्वासार्ह आहे. आपल्या घरांत उवा-लिखांसाठी जी फणी पिढ्यानपिढ्या वापरात आहे, तिच्याच जातीचे हे साधन होय.

इतिहासाच्या दृष्टीने ह्याहून महत्त्वाचा प्रश्न पुराव्याचा आहे. ज्या प्राण्याच्या मृत्यूची नोंद होत नाही, त्याच्यावरील उपचार सुरक्षितच वाटत राहतात. कोलुमेलाच्या कुत्र्यापासून परमेथ्रिन लावलेल्या मांजरापर्यंतच्या ह्या इतिहासात ज्ञान पुढे सरकले ते नव्या विषांच्या शोधामुळे जितके, तितकेच मेलेल्या मांजरांची कोणीतरी मोजदाद करू लागल्यामुळे. पशुवैद्यकाच्या इतिहासाची आपल्याकडील साधने, म्हणजे दवाखान्यांच्या नोंदवह्या, महाविद्यालयांचे अहवाल, पांजरपोळांची दप्तरे, ह्या दृष्टीने तपासली जाणे अगत्याचे आहे. त्यांत मांजर केव्हा प्रथम 'रुग्ण' म्हणून नोंदले गेले, एवढा एक प्रश्न घेऊनही एखाद्या विद्यार्थ्यास उपयुक्त काम करता येईल.